पवनेच्या लाटा आणि कोयनेची भेग

जुलैत पवना धरणाच्या काठावर उभं राहिलं की वारा छत्री उलटी करतो. तुंग-तिकोन्यावरून ढग खाली उतरलेले असतात, जलाशयाचं पाणी राखाडी होतं आणि बांधाच्या दगडी अस्तरावर लाटा फटाफट आपटत असतात. अशा वेळी बरोबरच्या मंडळींपैकी कुणीतरी विचारतंच, “रोज एवढा मार बसतो, धरणाला काही होत नाही?”

प्रश्न रास्त आहे. डोळ्यांना दिसते ती लाट, आणि भीतीही तिचीच वाटते. पण ज्या माणसानं असल्या भिंतीचा हिशेब मांडलेला असतो, त्याची झोप या लाटेनं उडत नाही. त्याला काळजी असते ती डिसेंबरातल्या एखाद्या शांत पहाटेची. पाणी आरशासारखं असतं, वारा पडलेला असतो, आणि जमीन काही सेकंद हलते.

मावळात हा विषय दूरचा नाही. लोणावळ्याजवळचं वळवण, शिरवत्याचं धरण आणि आंद्रा खोऱ्यातलं ठोकरवाडी ही टाटांच्या जलविद्युत योजनेची धरणं शतकभरापूर्वीची आहेत. लोणावळ्याच्या पाण्यावर खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं. पवना त्या मानानं तरुण, १९७२ चं. ही सगळी पाण्याला अडवून उभी आहेत. त्यांच्यावर नेमका किती जोर येतो आणि तो कसा मोजतात, ते पाहू.

एसटीच्या मापात मोजलेला जोर

सोयीसाठी एक काल्पनिक दगडी भिंत घेऊ. ती मावळातलं कुठलंही खरं धरण नव्हे. पाण्याची खोली ३० मीटर, आणि भिंतीचा आपण फक्त एक मीटर लांबीचा तुकडा विचारात घ्यायचा.

पाणी नुसतं शांत उभं असलं तरी ते भिंतीला ढकलतच असतं. विहिरीत खोल बुडी मारली की कानावर दाब येतो, तोच हा दाब. पृष्ठभागाशी तो शून्य असतो आणि खाली जाताना प्रत्येक मीटरला सारखा वाढत जातो. बेरीज केली तर एका मीटर लांबीवर ४५० टन भरतात. माणसांनी भरलेली एसटी साधारण १५ टनांची धरली, तर भिंतीच्या प्रत्येक मीटरवर तीस एसट्या रेटा देत आहेत, तेही रात्रंदिवस.

आता लाट. जलाशयावर उठणारी लाट किती उंच होईल हे दोन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा वेग, आणि त्या वाऱ्याला पाण्यावरून सलग धावायला मिळालेलं अंतर. ताशी १०० किलोमीटरचा वारा ५ किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आला, तर संकल्पचित्रात वापरल्या जाणाऱ्या जुन्या सूत्रानुसार लाटेची उंची एक मीटरपेक्षा किंचित जास्त येते आणि तिचा जोर भरतो मीटरमागे सव्वादोन-अडीच टन. ४५० च्या शेजारी सव्वादोन! एवढा आवाज करणारी लाट हिशेबाच्या कागदावर एका छोट्या टेम्पोएवढी उरते.

याचा अर्थ लाट बिनमहत्त्वाची असा मात्र नाही. दगडी भिंतीला ती किरकोळ असली तरी मातीच्या बांधाला ती कुरतडते. म्हणून बांधाच्या पाण्याकडच्या उतारावर दगडांचं पिचिंग करतात, आणि पूर्ण भरलेल्या पाण्याच्या वर बांधाची काही उंची मोकळी सोडतात. तिला फ्रीबोर्ड म्हणतात. लाट चढून पलीकडे जाऊ नये यासाठी ही राखीव जागा असते. मातीच्या धरणाला माथ्यावरून पाणी गेलेलं परवडत नाही. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं ते लाटांमुळे नव्हे, पण खचलेल्या बांधावरून पाणी वाहू लागलं की माती किती झपाट्यानं जाते, हे पुण्यानं त्या दिवशी पाहिलं. इटलीतल्या वायोंतला १९६३ मध्ये याहून विलक्षण गोष्ट घडली. डोंगराचा एक आख्खा कडा जलाशयात कोसळला, उसळलेली लाट धरणाच्या माथ्यावरून खालच्या गावांवर गेली आणि सुमारे दोन हजार माणसं दगावली. धरणाची भिंत मात्र जवळपास जशीच्या तशी उभी राहिली. सह्याद्रीत दरडी कोसळतात, दरडीखाली गेलेलं माळीण गाव आपण विसरलेलो नाही. म्हणून घाटातल्या जलाशयाचा अभ्यास करताना भिंतीइतकंच काठच्या उतारांकडेही बघावं लागतं.

भूकंप कुणालाच ढकलत नाही

लाट बाहेरून येऊन आपटते. भूकंपाचं तसं नसतं, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. आपण ‘भूकंपाचा धक्का’ म्हणतो, पण त्या वेळी इमारतीला बाहेरून कुणी धक्का मारत नाही. घाटात एसटीनं अचानक ब्रेक दाबला की उभा प्रवासी पुढे फेकला जातो. त्याला कुणी ढकललेलं नसतं. पाय गाडीबरोबर थांबले, धड आपल्या आधीच्या वेगानं पुढे निघालं, इतकंच. जमीन सरकते तेव्हा पाया तिच्याबरोबर सरकतो आणि वरचं वजन जागच्या जागी राहू पाहतं. या ओढाताणीतून जो जोर निर्माण होतो, तोच भूकंपाचा भार. म्हणजे तो वास्तूच्या स्वतःच्या वजनातून येतो. वास्तू जितकी जड, तितका तो मोठा.

जमिनीच्या हालचालीचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या मापात सांगतात. ०.१ म्हणजे वास्तूच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा आडवा जोर. आपल्या काल्पनिक भिंतीच्या एका मीटरचं वजन साधारण ९६० टन धरलं, तर ०.१ च्या हिशेबानं ९६ टनांचा आडवा जोर आला.

मग पाण्याचं काय? त्यालाही वजन आहे आणि तेही जागच्या जागी राहू पाहतं. मोठी परात पाण्यात उभी धरून झटक्यानं पुढे ढकलून बघा. हवेत हलकी वाटणारी परात पाण्यात भलतीच जड लागते, कारण तिच्याबरोबर समोरचं पाणीही हलवावं लागतं. डेन्मार्कमध्ये जन्मलेले अमेरिकी अभियंते हॅराल्ड वेस्टरगार्ड यांनी हूवर धरणाच्या निमित्तानं हाच प्रश्न गणितात सोडवला आणि १९३३ मध्ये त्याचं उत्तर छापलं. त्यांची युक्ती फार सुंदर आहे. भूकंपात पाणी काय काय करतं हे सगळं बाजूला ठेवा, त्यांनी सांगितलं, आणि समजा की पाण्याचा एक ठोकळा भिंतीला चिकटून तिच्याबरोबर हलतो आहे. हा ठोकळा वर पातळ आणि खाली जाड असतो. ३० मीटर पाण्यात तळाशी त्याची जाडी २६ मीटरच्या आसपास येते. या ‘चिकटलेल्या पाण्याचा’ जोर आपल्या भिंतीवर ५२ टनांच्या आसपास भरतो.

┌──────────────────────────────
चौकट: काल्पनिक भिंत, पाणी ३० मीटर, लांबी १ मीटर
शांत पाण्याचा रेटा: ४५० टन (सुमारे ३० एसट्या)
वादळी वाऱ्याची लाट: सव्वादोन-अडीच टन (एक छोटा टेम्पो)
०.१ च्या भूकंपात भिंतीच्या वजनाचा जोर: ९६ टन
त्याच भूकंपात हलणाऱ्या पाण्याचा जादा जोर: ५२ टन
शेवटच्या दोन ओळी मिळून सुमारे १० एसट्या, आणि त्या सेकंदात अनेकदा दिशा बदलतात.
└──────────────────────────────

समुद्रात हा ताळा उलटतो. मुंबई हायच्या तेलफलाटांचे पोलादी पाय बारीक आणि पोकळ असतात, त्यामुळे वजनातून येणारा भूकंपभार मर्यादित राहतो, आणि पावसाळी समुद्राच्या लाटा मात्र त्यांना वर्षभरात लाखो वेळा वाकवतात. तिथे लाट हीच मालकीण. बंदरांचे लाटरोधक बांध कसे टिकतील हे खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात मोठाल्या हौदांतून कृत्रिम लाटा सोडून तपासलं जातं. १९१६ मध्ये सुरू झालेली ही संस्था पुणेकरांच्या इतकी जवळ आहे की तिच्यावर स्वतंत्रच लिहायला हवं.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं

आतापर्यंतचा हिशेब सरळ होता: वजन घ्या, त्याला एका आकड्यानं गुणा. साठच्या दशकापर्यंत जगभरातल्या धरणांची भूकंपतपासणी साधारण अशीच होत असे. कोयनेच्या धरणालाही ०.०५ हा आकडा धरला होता, आणि पायापासून माथ्यापर्यंत सगळीकडे तोच. म्हणजे १०३ मीटर उंचीची भिंत भूकंपात एखाद्या कपाटासारखी अखंड सरकेल, असं गृहीत होतं.

लोणावळ्यापासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या कोयनानगरला त्या पहाटे भूकंप झाला. गावातली बहुतेक घरं पडली, जवळपास दोनशे माणसं गेली. हादरा पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. धरणाच्या आतल्या गॅलरीत एक भूकंपमापक बसवलेला होता. त्यानं धरणाच्या लांबीच्या दिशेला ०.६३ आणि प्रवाहाच्या दिशेला ०.४९ असे आकडे नोंदवले. धरले होते त्याच्या जवळजवळ दहापट!

भिंत पडली नाही. पण तिला आडव्या भेगा गेल्या, आणि त्या जिथे गेल्या ती जागा पाहण्यासारखी आहे. सर्वांत जास्त दाब पायथ्याशी असतो, तिथे काही ठळक झालं नाही. भेगा उमटल्या वर, पायापासून सुमारे ६६ मीटरांवर, जिथे भिंतीचा मागचा उतार एकदम बदलतो आणि भिंत अचानक सडपातळ होते. जुन्या सरळ हिशेबात त्या जागी काळजीचं काहीच दिसत नव्हतं.

असं का झालं? कारण भिंत कपाटासारखी सरकत नाही, ती चाबकासारखी हेलकावते. मूठ थोडीशी हलते, टोक सपकन फिरतं. माथा पायापेक्षा कितीतरी जास्त हलतो आणि मधला बारीक भाग वाकतो. वाकताना एका बाजूला ताण येतो. दगड-काँक्रीट दाब हवा तेवढा सोसतं, ताण मात्र फारच थोडा.

कोयनेच्या भेगांचं हे गणित कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी पी. चक्रवर्ती यांनी मांडलं. गॅलरीतली नोंद त्यांनी भिंतीच्या गणिती प्रतिकृतीला पायाशी दिली, आणि मोठा ताण नेमका तिथेच आला जिथे प्रत्यक्षात भेगा होत्या. त्यांचा निबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून जगात कुणी धरणांसाठी नवा संगणकी प्रोग्रॅम लिहिला की त्याची परीक्षा बहुधा कोयनेवर घेतली जाते. अबॅकस या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या नमुन्यांच्या पुस्तिकेतसुद्धा कोयना आहे. साताऱ्याच्या डोंगरातल्या त्या पहाटेचे काही सेकंद आज टोकियोपासून झुरिकपर्यंतच्या संगणकांमध्ये पुन्हा पुन्हा घडत असतात. आपल्याकडे हे फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

गोधडी आणि पाळणे

संगणक हे करतो कसं? गोधडी डोळ्यांसमोर आणा. आख्ख्या भिंतीचं गणित एकदम सुटत नाही, म्हणून तिचे छोटे छोटे तुकडे पाडायचे. एक तुकडा किती दाबला तर किती चेपतो, किती ओढला तर किती ताणतो, हे सोपं असतं. मग हे तुकडे कोपऱ्याला कोपरा जुळवून शिवायचे. अट एकच: शेजारच्या तुकड्यांचा सामाईक कोपरा दोघांबरोबर सारखाच सरकला पाहिजे, शिवण उसवता कामा नये. अशा हजारो अटींची हजारो समीकरणं होतात आणि ती संगणक एकदम सोडवतो. या पद्धतीला इंग्रजीत ‘फायनाइट एलिमेंट’ म्हणतात. हे नाव बर्कलीच्याच रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं. तिच्या पहिल्यावहिल्या मोठ्या वापरांपैकी एक होता अमेरिकेतल्या नॉरफोर्क या भेगाळलेल्या धरणाचा. धरणाची भेग आणि संगणकाचं गणित यांचं नातं असं सुरुवातीपासूनचं आहे.

भूकंपासाठी हीच गोधडी सेकंदाच्या बारीक बारीक भागांनी पुढे सरकवायची. जमीन या क्षणी इथे, पुढच्या क्षणी तिथे. प्रत्येक क्षणाला सगळी समीकरणं नव्यानं. सिनेमाच्या चित्रांसारखंच.

दर वेळी इतकी मेहनत परवडत नाही. त्यासाठी जवळची वाट आहे. वडाच्या एकाच फांदीला वेगवेगळ्या लांबीच्या दोरांचे पाळणे बांधले आहेत, असं समजा. फांदी ठरावीक प्रकारे हलवली तर सगळे पाळणे सारखे झुलत नाहीत. ज्याचा झोका फांदीच्या लयीशी जुळला, तो सर्वांत उंच जातो. प्रत्येक पाळण्यानं जास्तीत जास्त किती झोका घेतला, याचा एक आलेख काढून ठेवायचा. आता नवी वास्तू आली की तिचा झोका किती सेकंदांचा, एवढंच विचारायचं आणि आलेखावरून जोर वाचायचा. या आलेखाला प्रतिसाद वर्णपट म्हणतात. मॉरिस बायो यांनी १९३२ मध्ये ही कल्पना मांडली. आपल्या ‘आयएस १८९३’ या भारतीय मानकातला मुख्य आलेख हाच आहे. हे मानक पहिल्यांदा आलं १९६२ मध्ये. त्याच्या १९८४ च्या आवृत्तीत दगडी धरणांसाठी माथ्याशी दीडपट आणि तळाशी शून्य असा जोर धरायला सांगितला आहे. कपाट मागे पडलं आणि चाबूक नियमात आला.

चोप्रांच्या गटानं पुढे धरणांसाठी ‘ईएजीडी-८४’ हा खास प्रोग्रॅम केला. वेस्टरगार्डनी भिंत ताठ मानली होती. या प्रोग्रॅममध्ये भिंत वाकते, पाणी किंचित दबतं आणि जलाशयाच्या तळाचा गाळ पाण्यातल्या दाबलहरींचा काही भाग गिळून टाकतो. शंभर वर्षं गाळ साठलेल्या जलाशयासाठी ही शेवटची बाब फार मोलाची आहे.

प्रोग्रॅमला अक्कल नसते

इमारतींसाठी आज ईटॅब्स, स्टॅड, सॅप-२००० असे प्रोग्रॅम पुण्यातल्या प्रत्येक आर.सी.सी. कन्सल्टंटच्या टेबलावर आहेत. संशोधकांसाठी ओपनसीज फुकट मिळतो. यातल्या सॅपची नावकथा सांगायलाच हवी. बर्कलीच्या एडवर्ड विल्सन यांनी १९७० मध्ये तो लिहिला. इंग्रजी बोलीत ‘सॅप’ म्हणजे बावळट. विल्सननी हे नाव मुद्दाम ठेवलं, वापरणाऱ्याला आठवण राहावी म्हणून, की प्रोग्रॅमला बुद्धी नसते आणि उत्तराची जबाबदारी अभियंत्याची असते.

लोणावळ्या-खंडाळ्याच्या उतारांवर जे बंगले उभे राहतात, त्यांच्या बाबतीत हे पटकन समजतं. रस्त्याच्या पातळीवर जमीन आणि दरीकडे ती खोल गेलेली. मग दरीकडचे कॉलम सहा मीटर उंच, तर रस्त्याकडचे तीनच मीटर. दिसायला उंच कॉलम नाजूक वाटतात आणि बुटके भक्कम. भूकंपात उलट होतं. स्लॅब सगळ्या कॉलमांना सारखाच सरकवतो. निम्म्या लांबीचा कॉलम आठपट ताठ असतो, म्हणून तो आठपट जोर स्वतःवर ओढून घेतो आणि आधी फुटतो. लांब फूटपट्टी सहज वाकते, तिचाच आखूड तुकडा वाकवताना तडकतो, तसं हे आहे. प्रोग्रॅममध्ये सगळे कॉलम एकाच पातळीवरून सुरू केले, तर तो निमूटपणे सुंदर रंगीत आणि चुकीचं उत्तर देतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ‘आयएस १८९३’ मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पुणे जिल्हा भूकंपाच्या झोन तीनमध्ये येतो. तिथला हिशेब केला तर ३०० टनांच्या ताठ बंगल्यावर सुमारे ६० टनांचा आडवा जोर येऊ शकतो. संकल्पचित्रात मात्र धरतात १२ टन. पाचानं भाग का? कारण अशी मुभा आहे की कॉलम-बीम तुटण्याऐवजी वाकतील, सळया ताणल्या जातील आणि भूकंपाची ऊर्जा त्या वाकण्यातच जिरेल. ही मुभा सशर्त आहे. कॉलमच्या टोकांना रिंगा जवळजवळ हव्यात, आणि रिंगेचं टोक काटकोनात न सोडता १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवायला हवं. ‘आयएस १३९२०’ हे मानक हेच सांगतं. टोक काटकोनात राहिलं तर बाहेरचा थर उडताच रिंग उघडते आणि आतल्या उभ्या सळया बाहेर फुगतात. संगणकात ‘पाच’ हा आकडा टाकायला एक क्षण लागतो, आणि तो खरा करायचं काम असतं साइटवर पावसात उकिडवा बसून सळई वाकवणाऱ्या कारागिराचं. माझ्या मते लोणावळ्यात घर बांधणाऱ्यानं टाइल्सचा रंग निवडण्याआधी कॉलममध्ये काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी साइटवर जाऊन रिंगांची टोकं बघावीत. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

जुन्या भिंतीची नाडी

आता परत धरणाकडे. नव्या काँक्रीटचे गुणधर्म माहीत असतात. शंभर वर्षांपूर्वी चुन्यात रचलेल्या दगडांचे काय आकडे टाकायचे? चुना काही ठिकाणी विरघळून गेलेला असेल, काही ठिकाणी दगडाहून घट्ट झालेला. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं मोठ्या धरणांची सर्वंकष तपासणी बंधनकारक केली आहे, आणि अशा तपासणीत खरी लढाई याच आकड्यांशी असते. भिंतीत भोक पाडून आतला गाभा काढून तपासतात. ध्वनिलहरी सोडून आत पोकळी आहे का पाहतात.

आणि आणखी एक हळुवार पद्धत आहे. कुठलीच भिंत कधी पूर्ण स्थिर नसते. वारा, सांडव्यावरून पडणारं पाणी, जवळून जाणारी गाडी, काठावर आपटणाऱ्या लाटा, या सगळ्यांनी ती सतत थरथरत असते. माणसाला ते कळत नाही, पण माथ्यावर ठेवलेल्या संवेदनशील मापकाला कळतं. तासन्‌तास ही थरथर नोंदवली आणि तिच्यातून पुन्हा पुन्हा येणारी लय वेगळी काढली की भिंतीचा स्वतःचा झोका किती सेकंदांचा हे समजतं. कोयनेची भिंत जलाशय रिकामा धरला तर सेकंदाला साधारण तीन हेलकावे घेते. संगणकातल्या भिंतीची लय प्रत्यक्ष भिंतीशी जुळेपर्यंत मग आतल्या आकड्यांत दुरुस्ती करत जातात. लय अपेक्षेपेक्षा संथ आली, तर आत कुठेतरी भिंत ढिली झाल्याची शंका घ्यायची.

म्हणजे जुलैतल्या त्या वाऱ्यात, पिचिंगवर फटाफट आपटणारी ती सव्वादोन टनांची लाट अभियंत्याला हवीच असते. ती भिंतीवर टिचकी मारते आणि माथ्यावरचा मापक कान लावून ऐकत असतो, मोठा हादरा आलाच तर ही भिंत कोणत्या लयीत झुलेल ते.